उत्प्रेरकाखालचे पांढरे गोळे : उच्च शुद्धतेचे ॲल्युमिना बॉल निवडण्यापासून भरण्यापर्यंत

वडोदऱ्याहून छाणी ओलांडून बाजवा, रणोली, कोयली आणि नंदेसरीच्या दिशेने निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रसायनांचे कारखाने सुरू होतात. कोयलीची रिफायनरी १९६५ साली चालू झाली, १९६७ मध्ये खत कारखान्याचे उत्पादन सुरू झाले आणि १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना झाली. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील मराठी घरांमधून या पट्ट्यात नोकरीला जाणारी आता दुसरी-तिसरी पिढी आहे. या पिढीतील जे तरुण पदविका किंवा पदवी घेऊन उत्पादन, देखभाल, खरेदी किंवा स्टोअर विभागात नुकतेच रुजू झाले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख लिहीत आहे. रिॲक्टरमधील उत्प्रेरकाबद्दल, म्हणजे कॅटॅलिस्टबद्दल, त्यांना कोणी ना कोणी शिकवतेच. पण त्या उत्प्रेरकाच्या खाली आणि वर जे पांढरे गोळे भरलेले असतात, त्यांच्याविषयी सहसा एवढेच सांगितले जाते की ते ‘सपोर्ट बॉल’ आहेत. माझ्या अनुभवात रिॲक्टर भरण्यातील ज्या चुका महिनोन्‌महिने लपून राहिल्या आणि शेवटी महागात पडल्या, त्यांपैकी बऱ्याचशा या गोळ्यांच्या होत्या.

पहिली पायरी : गोळ्याचे काम नेमके काय, ते समजून घेणे

स्थिर थराच्या, म्हणजे ज्यात उत्प्रेरक जागचा हलत नाही अशा, रिॲक्टरची उभी कापणी डोळ्यांसमोर आणावी. सर्वांत खाली वायू किंवा द्रव बाहेर नेणाऱ्या नळाच्या तोंडावर भोकांचे किंवा फटींचे टोपण असते, अथवा मधल्या थराखाली तुळयांवर बसवलेली जाळी असते. त्यावर मोठे गोळे, त्यांवर मध्यम, त्यांवर लहान, मग उत्प्रेरक आणि उत्प्रेरकाच्या डोक्यावर पुन्हा गोळ्यांचा एक थर, अशी ही रचना असते. खालच्या गोळ्यांनी उत्प्रेरकाचा भार तोलायचा, त्याचा एकही दाणा खाली जाऊ द्यायचा नाही आणि तरीही प्रवाहाला फारसा अडथळा करायचा नाही. वरच्या गोळ्यांनी आत शिरणाऱ्या वेगवान प्रवाहाचा जोर मोडायचा, म्हणजे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर खड्डा पडत नाही. त्याशिवाय नळांतून वाहत आलेला गंज आणि खपल्याही त्यांनीच अडवायच्या.

रासायनिक क्रियेत या गोळ्यांनी कोणताही भाग घ्यायचा नसतो. ज्या स्थितीत ते आत गेले, त्याच स्थितीत अनेक वर्षे राहायचे, म्हणजे फुटायचे नाही, झिजायचे नाही आणि स्वतःतील कोणताही घटक प्रवाहात सोडायचा नाही. निवड करताना गोळ्याच्या गुणांची यादी पाहण्याआधी आपल्या रिॲक्टरमधील उष्णता, वाफ, दाब आणि भार यांपुढे त्याच्यातील नेमकी कोणती गोष्ट टिकणार नाही, हा प्रश्न विचारावा. पुढच्या सर्व पायऱ्या या एका प्रश्नातून निघतात.

दुसरी पायरी : शुद्धता कुठे हवी आणि कुठे नको

बाजारात ‘सिरॅमिक बॉल’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातीचे गोळे मिळतात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारे गोळे चिनी मातीच्या कुळातले असतात. त्यांत ॲल्युमिना साधारण १७ ते २३ टक्के असते आणि बाकीचा मोठा भाग सिलिकाचा असतो. त्याच्या वर मध्यम ॲल्युमिनाचे प्रकार आहेत आणि टोकाला ९९ टक्के किंवा त्याहून अधिक ॲल्युमिनाचे गोळे आहेत, ज्यांत सिलिका ०.२ टक्क्यांच्या आत ठेवलेली असते. या शेवटच्या प्रकाराचा कच्चा माल म्हणजे बॉक्साइटपासून बायर पद्धतीने काढलेली ॲल्युमिनाची भुकटी. कार्ल योसेफ बायर यांनी ही पद्धत १८८८ च्या सुमारास शोधली आणि जगातील बहुतेक ॲल्युमिना आजही त्याच मार्गाने तयार होते. ती भुकटी भाजून, दळून, दाबून किंवा फिरत्या तबकात वळून तिचे गोळे करतात आणि १६०० अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानाला भट्टीत पक्के भाजतात. भाजल्यावर ॲल्युमिना ‘अल्फा’ या सर्वांत स्थिर रूपात येते, जिचा वितळणबिंदू २००० अंशांच्याही वर आहे.

एवढी शुद्धता कशासाठी लागते, हे अमोनिया कारखान्यातील दुय्यम रिफॉर्मरच्या (नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवण्याच्या दुसऱ्या टप्प्यातील भांड्याच्या) उदाहरणावरून चांगले समजते. तिथे वायू सुमारे १००० अंश तापमानाला बाहेर पडतो, वरच्या ज्वलनाच्या भागात तापमान याहूनही पुष्कळ जास्त असते आणि वायूत भरपूर वाफ असते. घरच्या काचेत आणि वाळूत जी सिलिका आपल्याला अत्यंत अचल वाटते, तीच सिलिका इतक्या उष्णतेत दाबाखालच्या वाफेशी संयोग पावून सिलिसिक आम्लाच्या वायुरूपात उडू लागते. गोळ्यातून निघालेली ही सिलिका वायूबरोबर पुढे जाते आणि जिथे तापमान उतरते तिथे, म्हणजे तप्त वायूच्या उष्णतेवर वाफ बनवणाऱ्या वेस्ट हीट बॉयलरच्या नळ्यांमध्ये आणि त्यापुढील, कार्बन मोनॉक्साइडपासून आणखी हायड्रोजन मिळवणाऱ्या शिफ्ट रिॲक्टरच्या उत्प्रेरकावर, पांढऱ्या थराच्या रूपाने बसते. नळ्यांवर बसलेला थर उष्णता जाऊ देत नाही आणि उत्प्रेरकावर बसलेला थर त्याची छिद्रे बुजवतो. इकडे ज्या गोळ्यातून सिलिका गेली, तो आतून पोकळ आणि ठिसूळ होतो. नुकसान एका भांड्यात आणि त्याचे कारण दुसऱ्या भांड्यात असल्यामुळे शोध भलत्याच ठिकाणी घेतला जातो, म्हणून अशा जागी सिलिकेच्या अंशावर तडजोड करू नये.

याउलट रिफायनरीतील हायड्रोट्रीटर, म्हणजे हायड्रोजनच्या साहाय्याने तेलातील गंधक काढणारे रिॲक्टर, साधारण ३०० ते ४०० अंशांच्या घरात चालतात आणि गंधक परत मिळवणाऱ्या क्लॉस रिॲक्टरचे तापमान त्याहूनही कमी असते. तिथे सिलिका जागची हलत नाही. चांगला भाजलेला साधा गोळा पुरतो आणि तो हलकाही असतो. ‘सर्वांत शुद्ध तेच घ्या’ असा आदेश काही ठिकाणी सरसकट दिला जातो, तो मला पटत नाही, कारण त्यात पैसा जातोच आणि भार सोसणाऱ्या तुळयांवर विनाकारण जास्त वजनही येते. उच्च तापमान, भरपूर वाफ किंवा अतितप्त हायड्रोजन आणि पुढच्या टप्प्यात सिलिकेने बिघडणारा उत्प्रेरक, या गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे शुद्ध ॲल्युमिनाच घ्यावी. इतर ठिकाणी रिॲक्टरच्या मूळ आराखड्यात काय लिहिले आहे ते वाचावे आणि त्यात बदल करायचा असेल तर प्रक्रियेचे तंत्रज्ञान परवान्याने देणाऱ्या कंपनीला विचारून करावा.

माहितीपत्रक वाचताना नवख्याची फसगत होण्याची एक ठरलेली जागा आहे. साध्या गोळ्यांच्या पत्रकात ‘ॲल्युमिना अधिक सिलिका : ९२ टक्क्यांहून जास्त’ अशी एक ओळ असते. ती दोघांची बेरीज असते, पण घाईत वाचणारा तिचा अर्थ ९२ टक्के ॲल्युमिना असा घेतो. म्हणून मागणीपत्रात ॲल्युमिना, सिलिका, लोह आणि सोडियमचे ऑक्साइड यांच्या मर्यादा वेगवेगळ्या लिहाव्यात आणि आम्लात विरघळून बाहेर येणाऱ्या लोहाची मर्यादाही स्वतंत्रपणे मागावी.

आणखी दोन प्रकारचे पांढरे गोळे याच दिसण्याचे असतात. सक्रिय ॲल्युमिनाचे गोळे हवेतील किंवा वायूतील ओलावा शोषण्यासाठी असतात. एका ग्रॅममध्ये शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असलेला हा सच्छिद्र पदार्थ भार सोसण्यासाठी बनवलेलाच नसतो. दुसरे गोळे बॉलमिलमध्ये दळण्यासाठी वापरतात. ते कमालीचे घट्ट आणि झिजेला चिवट असतात, पण एकदम तापण्या-थंडावण्याचा मार सहन करण्याच्या दृष्टीने त्यांची घडण झालेली नसते. तिन्हींवर ‘ॲल्युमिना बॉल’ असेच लिहिलेले असते, म्हणून मागणीपत्रात नावाबरोबर उपयोगही लिहावा.

तिसरी पायरी : आकारांची उतरंड लावणे

जुन्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असायची, सर्वांत मोठे तळाशी आणि वर वर लहान होत गेलेली. रिॲक्टरमधील गोळ्यांचे थर अगदी तसेच असतात. बाजारातील रूढ व्यास ३, ६, १३, १९, २५ आणि ५० मिलिमीटर असे आहेत. मुळात ते इंचाच्या मापांचे आहेत, म्हणून आकडे असे अडनिडे दिसतात. कोणत्या आकारावर कोणता आकार ठेवता येतो, हे सवयीवर सोडू नये, कारण त्यामागे साधी भूमिती आहे आणि ती टेबलावर चार गोट्या मांडून पाहता येते.

सारख्या आकाराच्या तीन गोट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या तर मधल्या फटीतून गोटीच्या व्यासाच्या फक्त ०.१५५ पट व्यासाची लहान गोटी जाऊ शकते. पण चार गोट्या चौकोनात मांडल्या तर मधली फट एकदम व्यासाच्या ०.४१४ पट होते. रिॲक्टरमध्ये ओतलेले गोळे आपल्या इच्छेप्रमाणे त्रिकोणात बसत नाहीत. कुठे तीन जमतात, कुठे चार, आणि भिंतीच्या कडेला रचना आणखीच विस्कळीत असते, त्यामुळे हिशेब नेहमी चौकोनी फटीचा धरावा. वरच्या थरातील दाणा खालच्या गोळ्याच्या ०.४१४ पटीहून मोठाच असला पाहिजे, म्हणजेच लगतच्या दोन थरांत मोठ्याचे लहानाशी गुणोत्तर २.४ च्या आत असले पाहिजे. मी स्वतः ते २ च्या जवळपास राहील असे पाहतो.

आता दीड मिलिमीटर जाडीच्या दंडगोल उत्प्रेरकाचे उदाहरण घेऊ. ३ मिलिमीटरच्या गोळ्यांची मोठी फट १.२४ मिलिमीटर असते, त्यामुळे उत्प्रेरक उभा पडला तरी त्यावर थांबतो. ६ च्या गोळ्यांची फट २.४८, म्हणून ३ चा गोळा थांबतो. १३ ची फट ५.३८, म्हणून ६ चा थांबतो. २५ ची फट १०.३५, म्हणून १३ चा थांबतो. अशी साखळी जुळली की खालच्या जाळीच्या फटीपेक्षा तळचा गोळा पुरेसा मोठा आहे ना, एवढेच पाहायचे उरते.

या साखळीतील एक कडी गाळली तर काय होते, ते मी पाहिले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, ज्या कारखान्याचे नाव इथे घेण्याची गरज नाही अशा ठिकाणी, रात्रपाळीत भरणी चालू असताना ६ मिलिमीटरची पोती कमी पडली. शटडाउनचे तास मोजले जात होते. उरलेली पोती सकाळी येईपर्यंत थांबण्याऐवजी १३ च्या थरावर थेट ३ चा थर टाकण्यात आला आणि थराच्या उंचीच्या कागदावर माझी सही होती. सुरुवातीला काहीही वाईट दिसले नाही, कारण बहुतेक ठिकाणी गोळे त्रिकोणात बसले होते आणि १३ ची त्रिकोणी फट २ मिलिमीटरचीच असते. पण दर चढउताराला भांडे तापले, प्रसरण पावले, थंड झाले. थर किंचित हलले आणि चौकोनी फटी उघडत गेल्या. काही महिन्यांनी पुढच्या पंपाच्या गाळणीवरील दाबफरक वाढू लागला. गाळणी उघडली तेव्हा टोपलीच्या तळाशी काळ्या उत्प्रेरकाचे तुकडे साचले होते आणि त्यांत साबुदाण्यासारखे पांढरे, काळवंडलेले ३ मिलिमीटरचे गोळे स्पष्ट दिसत होते. ती ओंजळ हातात घेतल्यावर कारण विचारण्याची गरज कोणालाच उरली नाही. त्या दिवसापासून थरांची साखळी अपुरी असेल तर भरणी थांबवण्याचा अधिकार पाळीप्रमुखाला लेखी असावा, असे मी प्रत्येक ठिकाणी सांगत आलो आहे.

थर किती जाड ठेवावा याबाबत अतिरेक नको. मधले थर ७५ ते १५० मिलिमीटर पुरतात. सब्री एर्गुन यांनी १९५२ साली मांडलेल्या समीकरणावरून दिसते की दाण्याचा व्यास कमी झाला की दाबातील घट झपाट्याने वाढते, संथ प्रवाहात तर ती व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. त्यामुळे लहान गोळ्यांचा जाड थर हा सुरक्षिततेचा उपाय ठरत नाही. पंपाला किंवा कॉम्प्रेसरला तो कायमचा भार होऊन बसतो.

चौथी पायरी : किती टन मागवायचे

हिशेब आकारमानाचा करावा आणि मागणी वजनात नोंदवावी. या दोहोंना जोडणारा आकडा म्हणजे स्थूल घनता, अर्थात गोळ्यांमधील रिकाम्या जागेसह एका घनमीटरचे वजन. शुद्ध ॲल्युमिनाच्या गोळ्यांसाठी ती साधारण १.९ ते २.२ टन आणि साध्या गोळ्यांसाठी १.३ ते १.४ टन असते.

समजा रिॲक्टरचा आतील व्यास २ मीटर आहे आणि तळ दोनास-एक लंबगोल घुमटाचा आहे. अशा घुमटाचे आकारमान व्यासाच्या घनाला पायने गुणून २४ ने भागले की मिळते, म्हणजे इथे १.०५ घनमीटर. तो २५ मिलिमीटरच्या गोळ्यांनी भरायचा. त्यावर १३, ६ आणि ३ मिलिमीटरचे प्रत्येकी १०० मिलिमीटर जाडीचे थर द्यायचे. आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर असल्याने प्रत्येक थर ०.३१४ घनमीटरचा होतो. उत्प्रेरकाच्या वर १३ चा १५० मिलिमीटरचा थर ०.४७ घनमीटरचा. एकूण २.४६ घनमीटर. स्थूल घनता २.० धरली तर सुमारे ४.९ टन आणि १.४ धरली तर सुमारे ३.४ टन. हा दीड टनाचा फरक फक्त बिलाचा नाही. थर जर तळावर न टेकता मधल्या तुळयांवर आणि जाळीवर असेल तर तो फरक त्या लोखंडाला सोसावा लागतो, म्हणून गोळ्यांची जात बदलताना तुळयांचा हिशेब यांत्रिक अभियंत्याकडून पुन्हा करून घ्यावा. तुटफूट आणि चाळणीत जाणारा भाग धरून ५ ते १० टक्के जास्त मागवावे, आणि ही वाढ प्रत्येक आकारासाठी वेगळी धरावी. एकूण वजनावर धरलेली वाढ ऐनवेळी नको त्या आकारात पडून राहते.

पाचवी पायरी : आलेला माल स्वतः तपासणे

पुरवठादाराचे चाचणी प्रमाणपत्र घ्यावे, लॉट नंबर पोत्यांवरील नंबराशी जुळवावा, पण तिथे थांबू नये. माझ्या ओळखीच्या एका स्टोअरमध्ये वयस्कर काका होते. एकदा नुकत्याच उतरवलेल्या पोत्यांपैकी एक उचलून ते म्हणाले, ‘साहेब, हे पोतं भरलंय तेवढंच, पण हाताला हलकं लागतंय.’ उघडून पाहिले तर त्यात सक्रिय ॲल्युमिना होती. त्यांच्या हाताला जे कळले, ते नवख्याला बादलीने कळू शकते.

दहा लिटरची भक्कम बादली घ्यावी आणि आधी पाणी भरून, वजन करून तिचे खरे माप ठरवावे, कारण बादलीवर लिहिलेले माप क्वचितच बरोबर असते. मग ती कोरडी करून गोळ्यांनी काठोकाठ भरावी, वरून पट्टी फिरवून सपाट करावी आणि वजन करावे. बादलीचे वजन वजा जाता शुद्ध ॲल्युमिनाचे लहान गोळे १९ ते २२ किलो भरतात, साधे गोळे १३ ते १४ किलोच्या आसपास आणि सक्रिय ॲल्युमिना ७ ते ८ किलोच भरते. तिन्हींत इतके अंतर आहे की घोटाळा लपत नाही. २५ आणि ५० मिलिमीटरचे गोळे बादलीत नीट बसत नाहीत, कडेला मोकळी जागा राहते, म्हणून त्यांच्यासाठी मोठे पिंप घ्यावे किंवा सुटे गोळे तोलावेत. २५ मिलिमीटरचा गोळा ८.२ घनसेंटिमीटरचा असतो. शुद्ध ॲल्युमिनाचा असेल तर तो २९ ग्रॅमच्या आसपास आणि साधा असेल तर १९ ग्रॅमच्या आसपास भरतो. व्यासात एका मिलिमीटरचा फरक पडला तरी वजन १२ टक्क्यांनी बदलते, म्हणून एकच गोळा न तोलता वीस गोळे एकदम तोलून सरासरी काढावी.

नंतर गोळ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सक्रिय ॲल्युमिना तो क्षणात पिते. मूठभर गोळे पाण्यात टाकले तर बुडबुडे येतात आणि पाणी कोमट होते. पक्क्या भाजलेल्या गोळ्यावर थेंब ओघळतो किंवा फार सावकाश मुरतो. काही जुने लोक गोळा जिभेला लावून तो चिकटतो का ते पाहतात. कारखान्यातील कोणतीही वस्तू जिभेला लावू नये, पाण्याचा थेंब तेच सांगतो.

तडे पाहण्यासाठी काही गोळ्यांना निळी शाई लावून ओल्या फडक्याने पुसावे. केसाएवढी चीर असली तरी तिच्यात शाई राहून निळी रेघ उमटते. हीच तपासणी तापमानाच्या धक्क्यानंतर पुन्हा करावी. प्रयोगशाळेच्या मफल भट्टीत करारात ठरलेल्या तापमानापर्यंत गोळे तापवून पाण्यात सोडावेत, वाळवावेत आणि मग शाई लावावी. गोळा अर्धा फोडून आतला भागही बघावा. छेद सर्वत्र एकसारखा पांढरा असावा. मध्यभागी वेगळा, पिठूळ किंवा करडा गाभा दिसला तर भाजणी आतपर्यंत पोचलेली नाही. माझ्या मते ही दोन मिनिटांची तपासणी प्रमाणपत्राच्या पानभर आकड्यांइतकी बोलकी असते.

रासायनिक घटकांसाठी नमुना क्ष-किरण पृथक्करण करणाऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा. गोळा किती दाबाला फुटतो ते एकेका गोळ्यावर मोजतात. आकार दिलेल्या उत्प्रेरकांसाठी आणि त्यांच्या आधारद्रव्यांसाठी एएसटीएम डी ४१७९ ही पद्धत आहे. सरासरीबरोबर सर्वांत कमी आलेला आकडाही मागावा, कारण थरात आधी तोच गोळा फुटतो. मोठ्या गोळ्याचा आकडा नैसर्गिकपणे मोठा असतो, म्हणून वेगवेगळ्या व्यासांची तुलना करू नये.

सहावी पायरी : साठवण

पक्का गोळा पाण्याने बिघडत नाही, पण त्यावर बसलेला चिखल आणि क्षार रिॲक्टरमध्ये जातात. विश्वामित्री नदीच्या पुराने २०१९ आणि २०२४ साली वडोदऱ्यात काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. पोती आणि पिंपे लाकडी फळ्यांवर, उंच जागी, ताडपत्रीखाली ठेवावीत आणि प्रत्येक आकाराची रास वेगळी ठेवून तिच्यावर मोठ्या अक्षरांत व्यास लिहावा. भिजलेला माल क्षारमुक्त पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय वापरू नये.

सातवी पायरी : भरणी

रिॲक्टरच्या आत माणूस उतरणार असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी प्रवेश परवाना पाहावा. भांडे प्रत्येक नळापासून ब्लाइंड (नळ पूर्ण बंद करणारी धातूची चकती) लावून तोडलेले असावे, नायट्रोजनची वाट बंद असावी आणि आतील प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी नसावा. हे मोजमाप एकदा करून भागत नाही, माणूस आत असेपर्यंत चालू ठेवावे लागते. नायट्रोजनला वास नसतो आणि गुदमरण्याची पूर्वसूचनाही मिळत नाही. आतला दिवा २४ व्होल्टच्या वरचा नसावा, ही मर्यादा कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६अ पासून चालत आली आहे. मॅनहोलवर एक माणूस सतत उभा असावा आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. ५० मिलिमीटरचा शुद्ध ॲल्युमिनाचा गोळा जवळपास पाव किलोचा असतो; तो सहा मीटरवरून निसटला तर खालच्या माणसापर्यंत पोचताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर झालेला असतो. म्हणून वरून माल उतरत असताना त्याच्या थेट खाली कोणी उभे राहू नये.

भरण्याआधी तळाची जाळी हाताने तपासावी. जाळीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटी सिरॅमिक तंतूंच्या दोराने घट्ट भरलेल्या असाव्यात, जाळीचे तुकडे एकमेकांवर चढलेले असावेत आणि बाहेरच्या नळावरील टोपण हलत नसावे. आतील भिंतीवर प्रत्येक थराच्या उंचीची खडूची रेघ पूर्ण गोल फिरवून मारावी. गोळे वापरण्यापूर्वी चाळून घ्यावेत, म्हणजे प्रवासात झालेली धूळ आणि तुकडे वेगळे होतात. चाळणाऱ्यांनी धुळीचा मास्क लावावा, आणि हे साध्या गोळ्यांच्या बाबतीत सिलिकेमुळे अधिकच आवश्यक आहे.

गोळे वरून थेट ओतू नयेत. फनेलला जोडलेल्या कॅनव्हासच्या लांब बाहीतून ते खाली न्यावेत आणि बाहीचे टोक थरापासून एक मीटरच्या आत ठेवावे. तळाचे मोठे गोळे बादलीने उतरवून हातांनी मांडले तर उत्तम, विशेषतः टोपणाच्या सभोवती. प्रत्येक थर लाकडी फळीने सपाट करावा आणि मॅनहोलच्या फ्लँजपासून खाली किमान पाच ठिकाणी टेपने खोली मोजावी, एकदा मध्यभागी आणि चारदा कडेला. थर ढिगासारखा राहिला तर वरचा उत्प्रेरकही असमान बसतो आणि प्रवाह पातळ बाजू शोधून तिथूनच धावतो. थरावर चालायचे असल्यास पायाखाली प्लायवूडचे तुकडे घ्यावेत.

उत्प्रेरकावरच्या थराविषयी एक सावधगिरी बाळगावी. ॲल्युमिनाचा गोळा उत्प्रेरकापेक्षा पुष्कळ जड असतो, त्यामुळे प्रवाहाच्या धक्क्याने उत्प्रेरक उसळला तर गोळे त्याच्यात खोल रुतत जातात आणि पुढच्या वेळी दोन्ही वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. जिथे असे उसळण्याचा संभव आहे तिथे दोन्हींच्या मध्ये मोकळी जाळी अंथरतात. ती आराखड्यात असेल तर विसरू नये, नसेल तर प्रक्रिया अभियंत्याला विचारावे.

आठवी पायरी : चालवताना आणि रिकामे करताना

ॲल्युमिना उष्णतेने दर अंशाला सुमारे आठ दशलक्षांशांनी प्रसरण पावते. गोळ्याचा बाहेरचा भाग एकदम तापला आणि आतला थंड राहिला की या छोट्याशा आकड्यातून तडा जन्मतो. म्हणून तापवण्याचा आणि थंड करण्याचा दर हस्तपुस्तिकेत दिल्याप्रमाणे पाळावा. दाब उतरवण्याचेही तसेच आहे. गोळ्याच्या बारीक छिद्रांत उच्च दाबाचा वायू शिरलेला असतो आणि बाहेरचा दाब झटक्यात गेला तर तो आतून गोळा फोडून वाट काढतो.

शटडाउनमध्ये काढलेले गोळे पुन्हा वापरता येतील का, हा प्रश्न खर्चाच्या बैठकीत हमखास निघतो. १९, २५ आणि ५० मिलिमीटरचे शुद्ध गोळे धुऊन, चाळून, शाईची तपासणी करून आणि नव्याच्या वजनाशी ताडून पाहून पुन्हा वापरण्यास माझी हरकत नसते. ३ आणि ६ मिलिमीटरचे मात्र नवेच घ्यावेत, कारण त्यांतून उत्प्रेरकाचे तुकडे आणि फुटके गोळे वेचण्याची मजुरी नव्या मालाच्या किमतीच्या जवळ जाते आणि तरीही खात्री मिळत नाही. वापरलेल्या उत्प्रेरकाबरोबर निघालेल्या मालात हवेशी संपर्क येताच पेटणारे लोहाचे सल्फाइड असू शकते, त्यामुळे तो थंड होऊन निर्धोक ठरवल्याशिवाय उघड्यावर पसरू नये.

भरणी पूर्ण झाली की प्रत्येक थराचा व्यास, लॉट नंबर, वापरलेली पोती, मोजलेल्या पाचही खोल्या आणि उरलेला माल एका कागदावर लिहून तो उपकरणाच्या फाइलमध्ये लावावा. त्याबरोबर प्रत्येक लॉटमधील वीस गोळे काचेच्या बरणीत, चिठ्ठी चिकटवून, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवावेत. काही वर्षांनी रिॲक्टर उघडेल तेव्हा आतून निघालेला गोळा एका पारड्यात आणि बरणीतला दुसऱ्या पारड्यात ठेवता येईल. वजन घटले असेल तर गोळ्यातून काय गेले आणि ते पुढे कुठे बसले असेल, याचा शोध त्याच दिवशी सुरू करता येईल.